गार इंजिन

कोंडिबाने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि मागून असा काळा धूर निघाला की धक्क्यावर उभ्या असलेल्या बायांनी पदर नाकाला लावले.

"हे असं," तो म्हणाला. "रोज सकाळी."

"किती वेळ राहतं?"

"दिवसभर, मिस्त्री. धूर वाईच कमी हुतो, पन वास जात न्हाय. जेवताना भाकरीला प्यट्रोलचा वास येतो."

बोट सुटली. बाजाराला निघालेली चौदा-पंधरा माणसं होती, आणि सगळी पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती, कोंडिबाकडे पाठ करून. त्याच्या समोरची दोन बाकं रिकामी. मला वाटलं, बोटीचं नाक वर येऊ नये म्हणून त्यानेच वजन पुढे बसवलं असेल. मी मागे इंजिनाजवळ उभा राहून आवाज ऐकत होतो. एका ठोक्याला इंजिन अडखळत होतं, जसं उपाशी नाही तर जास्त जेवलेलं माणूस चालताना अडखळतं.

पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मान वळवून माझ्याकडे टक लावून बघत होता. बापू कदम त्यांचं नाव. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "मालवणचं मिस्त्री तुमीच का? प्यट्रोलला पाय फुटल्यात म्हनलेले?"

"मीच तो," मी म्हणालो.

"लई झ्याक बोलला बगा. समद्या वाड्यांत झालंय तुमचं बोलनं."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आपलं वाक्य दोनशे किलोमीटरवर डोंगरात जाऊन लोकांच्या तोंडी बसलंय म्हटल्यावर कुणालाही वाटेल. कोंडिबा समोर पाण्याकडे बघत होता.

मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. मालवणात किनाऱ्यालगत माझी बोटींच्या इंजिनांची शेड, तीस वर्षं तेच काम. आमच्याकडे कुबल मिस्त्री म्हटलं की बंदरावर कुणीही पत्ता सांगायचा. कोयनेच्या पाण्यावरचं हे गिऱ्हाईक तसं वाट वाकडी करून आलेलं. धरणाचं पाणी डोंगरांच्या खोबणीत मैलोन् मैल शिरलेलं, एका काठाला रस्ता, आणि पलीकडच्या सात वाड्यांना बोटीशिवाय दुसरी वाट नाही. बाजार, दवाखाना, शाळा, सगळं पाण्यावरून. कुठल्याशा संस्थेने त्यांना नवी बोट दिली होती. साठ हॉर्सपॉवरचं, इंजेक्शनचं इंजिन. कार्ब्युरेटर नाही, आत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो सेन्सर काय सांगतात ते ऐकतो आणि किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. मुंबईचा कुणी मेकॅनिक एवढ्या आडवाटेला येईना, म्हणून बोट समितीचे आण्णा शेलार मला बोलवत. जूनमध्ये एकदा येऊन मी सर्व्हिसिंग करून गेलो होतो.

ऑक्टोबरात आण्णांचा फोन आला. "मिस्त्री, प्यट्रोल दीडपट लागतंय. इंजिन जास्त पितंय का?" मी जेवत होतो. म्हणालो, "आण्णा, ते इंजिन थेंब मोजून पितं. इंजिन पीत नाही, पेट्रोलला पाय फुटलेत. टाकीला कुलूप लावा." पलीकडे चार माणसं हसल्याचं ऐकू आलं. मीही हसलो, हात धुतले आणि विसरून गेलो. जानेवारीत पुन्हा फोन आला, की आता बोट मधेच बंद पडते, येऊन बघाच. म्हणून आलो.

बाजाराच्या काठाला माणसं उतरली. एकाही माणसाने कोंडिबाला येतो म्हटलं नाही. मी इंजिनाचं झाकण काढलं आणि कामाला लागलो.

प्लग काढले ते तव्याच्या बुडासारखे काळे. ऑइलची पट्टी ओढली तर ऑइल खुणेच्या वर. ऑइल कमी होतं, वाढत नाही कधी. बोटावर घेऊन हुंगलं. पेट्रोलचा भपकारा.

"काय हो?" कोंडिबाने विचारलं. माझा चेहरा बघत होता तो.

"न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. इंजिनाला जरुरीपेक्षा जास्त मिळतंय."

"म्हंजे इंजिनच पितंय?"

"पितंय तर खरंच."

तो समोरच्या बाकावर बसला. पंचेचाळिशीचा, काटक, हाताची बोटं लाकडासारखी. म्हणाला, "मिस्त्री, दसऱ्यापासनं माझ्याशी कोन बोलत न्हाय. प्यट्रोल इकतो म्हनत्यात. टाकीला कुलूप हाय, किल्ली आण्णाच्या पुतन्याकडं. तो रोज सांजचा येतो, टाकीत काठी घालतो, काठी बगतो, जातो. त्योबी बोलत न्हाय."

कुलूप. मी पकड उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"घरी कोण असतं?"

"सगुना हुती. दिवाळी झाली आन् भावाकडं घनसोलीला गेली. ती मला चोर म्हनली न्हाय हां. पन पानवठ्यावर ती गेली की बाया गप व्हायच्या. किती दिस सोसंल? जाताना म्हनली, तुमच्यावरचं हे मिटलं की सांगावा धाडा, त्याच दिशी यष्टी पकडते." मग तो माझ्याकडे वळला. "उद्या दुपारी समिती बसतीय. मला बोट नको, पगार नको. चारचौघांत तेवढं एक सांगा, की कोंडिबा संकपाळनं प्यट्रोल इकलं न्हाय. तुमी सांगितलं तर मानतील."

"आधी कारण सापडू दे," मी म्हणालो. "कारण दाखवल्याशिवाय नुसत्या तोंडाला काय अर्थ?"

दिवसभर मी कारण शोधलं. पेट्रोलचं प्रेशर मोजलं, बरोबर होतं. प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक नळी काढून बघितली, कोरडी. इंजेक्टर बाहेर काढून पंप चालू ठेवला, एकही थेंब गळला नाही. दुपारपर्यंत मी कोंडिबाला अहो-जाहो करत होतो. मग त्याने फडक्यातली भाकरी सोडून अर्धी मला दिली, आणि त्यानंतर आपोआप अरे-तुरेवर आलो.

"आता राहिला टेंपरेचरचा सेन्सर," मी त्याला सांगितलं. "इंजिन गार असताना जास्त पेट्रोल लागतं, तापलं की कमी. इंजिन किती तापलंय ते हा सेन्सर सांगतो. हा खोटं बोलायला लागला, गार आहे गार आहे म्हणत राहिला, की कॉम्प्युटर बिचारा ओततच राहतो."

"खोटं बोलतो?"

"हाच असणार. दहापैकी आठ वेळा हाच असतो."

नवा सेन्सर मी सोबत आणला होता. लावला. बोट पाण्याच्या मध्यापर्यंत नेऊन आणली. तोच धूर, तोच वास, तेच अडखळणं.  माझ्या पोतडीतलं सगळं संपलं होतं.

आण्णांच्या घरी माझी सोय केली होती, पण दिवेलागणीला मी कोंडिबाच्याच घरी गेलो. जुना सेन्सर खिशात होता. चहाच्या पातेल्यात पाणी ठेवायला लावलं, सेन्सर त्यात सोडला आणि मीटरच्या वायरी जोडल्या. पाणी तापेल तसा आकडा उतरत गेला, जसा उतरायला हवा तसा, पायरी न पायरी.

"काय म्हनतोय?" त्याने विचारलं.

"सेन्सर चांगला आहे रे. अगदी चोख."

"म्हंजे तो खरं सांगत हुता?"

"हो."

"आन् तुमी काडून टाकला."

"टाकला खरा."

त्यावर तो जरासा हसला. मग त्याने जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, कांदा. एक ताट त्याचं रोजचं होतं. दुसरं त्याने फळीवरून काढलं, त्यावर धूळ होती; ते त्याने बाहेर नेऊन राखेने घासलं, दोनदा विसळलं, आणि माझ्यापुढे मांडलं.  माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुलगी मस्कतला. मी शेडमध्येच डबा उघडायचो, रेडिओ लावून. समोर माणूस बसवून जेवल्याला किती दिवस झाले ते मलाही आठवेना. कोंडिबा बोलत सुटला होता, तीन महिन्यांचं साठलेलं. म्हशी, त्यांच्यावर टपलेलं वाघरू, सगुणाच्या हातचं मटण, काठी घालायला येणारा पुतण्या. मी हूं हूं करत तीन भाकऱ्या खाल्ल्या. एवढा मी घरी आठवड्यात जेवत नव्हतो.

सकाळी थंडी मी म्हणत होती. पाण्यावर धुकं, समोरचा डोंगर दिसेना. माणसांना दुसऱ्या होडीने जायला सांगून आम्ही दोघंच बोट घेऊन निघालो. तासभर चालवली. मी कानाला लागेल तेवढं ऐकलं, नाकाला लागेल तेवढं हुंगलं, आणि काही कळत नव्हतं. दुपारी काय तोंड दाखवायचं याचाच विचार डोक्यात होता.

"मिस्त्री, एक इचारू?" कोंडिबा म्हणाला. "येड्यागत वाटंल."

"विचार."

"ही मागं पान्याची धार पडती बगा. इंजिनातनं येती ती." सगळ्या बोटींच्या इंजिनांना ती असते, गार ठेवायला आत ओढलेलं पाणी फिरतंय ना, ते बाहेरून दिसावं म्हणून. "बोट आली त्या पयल्या हिवाळ्यात मी हितं हात धरायचो. धार कोमट यायची. सकाळच्या पारी लई बरं वाटायचं. औंदा गार येती. मला वाटलं, औंदा थंडीच जास्त."

मी धारेखाली हात धरला. धरणाचं पाणी आत गेलं तसंच बाहेर येत होतं. झाकण काढून इंजिनाच्या माथ्यावर तळवा ठेवला. तासभर चाललेलं इंजिन, आणि सकाळच्या पितळी तांब्यासारखं गार.

"बंद कर," मी म्हणालो.

माझ्या मनात काही आलं नाही अजून, पण हातांना कळलं होतं. इंजिनाच्या बाजूला तीन बोल्टचं एक झाकण असतं. आत थर्मोस्टॅट व्हॉल्व बसतो, अंगठ्याएवढा पितळी तुकडा. इंजिन तापेपर्यंत तो पाणी अडवून धरतो, तापलं की सोडतो. मी बोल्ट काढले. झाकण उचललं.

आत काही नव्हतं.

"आवशीचो घो," मी म्हणालो.

आमच्याकडे समुद्रावर एक पद्धत आहे. नवं इंजिन हाताखाली आलं की आधी तो व्हॉल्व काढून टाकायचा. खाऱ्या पाण्याने त्याला क्षार धरतो, तो अडकतो, इंजिन तापून जाम होतं आणि माणसं भर समुद्रात लटकतात. समुद्राचं पाणी मुळात गरम, आणि इंजिनं सगळी जुनी कार्ब्युरेटरची. व्हॉल्व नसला तरी कुणाचं काही अडत नाही. माझ्या वस्तादाने काढले, मी काढले. देवळात शिरताना चप्पल काढताना कुणी विचार करतो का? तसं ते काम. पण इथे डोंगरातलं गार पाणी, आणि इंजेक्शनचं इंजिन. ते कधी तापलंच नाही. सेन्सर बिचारा गार आहे म्हणाला, आणि गारच होतं.

मग जूनमधला तो दिवस आठवला. भुरभुर पाऊस, याच बोटीत मी ओणवा, आणि कोंडिबा माझ्यावर छत्री धरून स्वतः भिजत उभा. तीन बोल्ट. व्हॉल्व काढला आणि न बघता मागे टाकला, डब्यात.

डबा पोतडीतच होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तीस वर्षांच्या व्हॉल्वनी निम्मा भरलेला. सगळे हिरवे पडलेले, मीठ धरलेले. मी फळीवर ओतला. त्यात एक लखलखीत होता, रबराची कडी अजून मऊ.

"ह्यो आमचा?" कोंडिबाने विचारलं.

"तुमचा."

"तुमच्या डब्यात कसा आला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, जून, पद्धत, समुद्र, सगळं. शिव्या खायच्या तयारीने मान खाली घालून सांगितलं. काहीच आवाज आला नाही म्हणून वर बघितलं तर तो हसत होता. आधी आतल्या आत, मग मोठ्याने. धुक्यात त्याचं हसणं डोंगरावर जाऊन परत आलं. त्याने माझा ऑइलने माखलेला हात दोन्ही हातांत धरला.

"म्हंजे म्या न्हाय!" तो म्हणाला. "मिस्त्री, म्या न्हाय!"

माझ्यावर चिडायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

व्हॉल्व बसवायला पंधरा मिनिटं लागली. मग ऑइल बदललं, प्लग बदलले, त्याने चावी फिरवली. पाच मिनिटं थोडा धूर, मग काही नाही. ठोका एकसारखा. थोड्या वेळाने त्याने धारेखाली ओंजळ धरली, आणि ते कोमट पाणी तोंडाला लावलं, मानेला लावलं. काठाकडे परतताना तो आपल्याशीच हिशेब करत होता, की आज सांगावा गेला तर सगुणा उद्या दुपारच्या गाडीने पोचते.

समिती धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसली. वाड्यावाड्यांतून माणसं आली होती, तीस-पस्तीस तरी. मला खुर्ची, बाकी सगळे खाली. आण्णा शेलार मुंबईत माथाडीत जन्म काढून परतलेले, कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हे, पण शब्दाला शब्द लावून बघणारा. पुढेच बापू कदम बसले होते, माझ्याकडे कौतुकाने बघत. कोंडिबा खांबाला टेकून उभा होता. त्याने धुतलेला सदरा घातला होता.

"मिस्त्री," आण्णा म्हणाले, "तुमी सांगाल ते आमाला मान्य. काय ते एकदाचं सांगून टाका."

मी सांगितलं. आत एक व्हॉल्व असतो, तो बिघडला होता, त्यामुळे इंजिन तापत नव्हतं आणि जास्त पेट्रोल पीत होतं. आता दुरुस्त आहे. कोंडिबाचा यात दोष नाही.

माणसांत कुजबुज झाली. एकदोघांनी माना वळवून कोंडिबाकडे बघितलं. बघितलं एवढंच, पण दसऱ्यानंतर पहिल्यांदा.

"बरं झालं," आण्णा म्हणाले. "आन् हे कवापासनं?"

मला एकच शब्द बोलायचा होता. जून. दोन अक्षरं. पण त्या शब्दाच्या मागोमाग पुढचे सगळे आले असते: जूनमध्ये कोण आलं होतं, व्हॉल्व कुणी काढला, फोनवर कुलूप लावा कोण म्हणालं. पस्तीस माणसं, आणि एकटा मीच खुर्चीवर. बापू तोंड उघडं ठेवून माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते, ते वाक्यही आपल्याला झ्याक म्हणून गावभर सांगता येईल म्हणून. तीस वर्षं मी बंदरावर ज्या नावाने ओळखला गेलो ते नाव त्या क्षणी माझ्या मानेवर बसलं.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "हे हळूहळू होतं. असेल महिनाभर."

"महिनाभर."

"साधारण."

आण्णांनी मान हलवली. "म्हंजे ह्या महिन्याचं इंजिनानं. आन् त्याच्या म्होरलं? दसऱ्याचं, दिवाळीचं?"

 मी पोतडी उघडली आणि पान्हे पुसायला घेतले. पुसलेलेच होते ते.

"ठीक हाय," आण्णा म्हणाले. "बोट कोंडिबाकडंच ऱ्हाऊ द्या. कुलूपबी ऱ्हाऊ द्या."

न्याय म्हणून तो वाईट नव्हता. त्यांच्याजवळ जेवढं होतं तेवढ्यावर त्यांनी केला. माणसं उठली. मी कोंडिबाकडे बघितलं. तो रागावला नव्हता. एखाद्याने वस्तू कुठे ठेवली ते विसरावं आणि दुसऱ्याने, आठवेल आता, म्हणून थांबावं, तसा तो माझ्याकडे बघत होता.  मग म्हणाला, "चला मिस्त्री. यष्टी चुकंल."

बोटीत आम्ही दोघंच. मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो, त्याच्याकडे पाठ करून. बसल्यावर माझ्या लक्षात आलं मी कुठे बसलोय, पण उठवलं नाही. अर्धा तास इंजिन शिवणयंत्राच्या सुईसारखं चाललं. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं काम मी फार थोड्या वेळा केलं असेल.

काठाला त्याने माझी पोतडी उचलून दिली. "धार कोमट येतीया," तो म्हणाला. "काम चोख झालं." आणि बोट वळवली.

घरी आलो. डबा उघडला, रेडिओ लावला, आणि घास उतरेना. भाकरी बघितली की तो राखेने ताट घासत असलेला दिसायचा. तीन दिवस स्वतःला समजावलं, की बोट तर राहिली ना त्याच्याकडे, बोलतील लोक हळूहळू. चौथ्या दिवशी आण्णांचा नंबर लावला आणि उचलायच्या आत ठेवला. मी भित्रा माणूस आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं, आणि ते कळायला फार उशीर झाला होता. नवव्या दिवशी शेडला कुलूप घातलं आणि पहाटेची गाडी धरली.

धक्क्यावर बोट आली ती आण्णांचा पुतण्या चालवत होता.

"कोंडिबा?" मी विचारलं.

"ग्येला. तुमी ग्येला त्याच्या चवथ्या दिशी. चावी आण्णांच्या दारात खुंटीला लावली, घर झाडून काडलं आन् ग्येला. कुनाला सांगितलं न्हाय."

"घनसोलीला?"

"न्हाय. तितं इचारलं."

मी आण्णांना माणसं गोळा करायला सांगितलं. त्याच शेडमध्ये, खुर्ची नाकारून, उभ्याने सांगितलं. जूनमध्ये व्हॉल्व मी काढला. पहिल्या दिवसापासूनचं सगळं पेट्रोल इंजिनाने प्यायलं. कुलूप लावा मीच म्हणालो. कोंडिबाने थेंबभर विकलं नाही, आणि हे सगळं त्याला माहीत होतं, माझ्यासमोर इथे उभा असताना माहीत होतं, आणि तो गप्प राहिला.

आण्णा खाली बसले. पुतण्याने खिशातून टाकीची किल्ली काढली आणि नुसतीच हातात धरून उभा राहिला. बापू म्हणाले, "तवा का न्हाय बोलला ओ?"

 उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते उच्चारायची लाज वाटली.

होळीच्या आदल्या दिवशी माझ्या शेडच्या दारात एक बाई उभी राहिली, सोबत एक माणूस. मी ओळखलं नाही. पस्तिशी-चाळिशीची, प्रवासाने मळलेली.

"मिस्त्री तुमीच का?" ती म्हणाली. "मी सगुना. ह्यो माजा भाऊ."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"त्यांनी तुमाला काय कळवलं का?"

"नाही हो."

"आण्णांनी सांगावा धाडला तवा मी त्याच दिशी आले. आता तितंच हाय. बाया येत्यात, बोलत्यात, भाजी देत्यात." तिने पिशवी खाली ठेवली. "बोट आली की धक्क्यावर जाते. कोन उतरतं बगते."

 पाया पडावंसं वाटलं, पण तिला ते नको होतं हे दिसत होतं. ती भांडायला आलीच नव्हती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "एवडंच इचाराया आले. तो व्हालू गावला तवा तुमी दोगंच हुता न्हवं?"

"दोघंच."

"तवा ते काय म्हनले?"

"हसला," मी म्हणालो. "मोठ्याने हसला. माझा हात धरला आणि म्हणाला, म्हंजे म्या न्हाय. मिस्त्री, म्या न्हाय. मग धारेखाली ओंजळ धरून कोमट पाणी तोंडाला लावलं. तुम्ही दुपारच्या गाडीने येणार, असं तो म्हणत होता."

ती ऐकत होती. भाऊ बाहेर बघत होता.

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

याला आता तेरा वर्षं झाली. शेड भाच्याला दिली, डबा भंगारात घातला. दर वर्षी होळीच्या सुमाराला तिचा फोन येतो. मी विचारतो, आला का. ती म्हणते, न्हाय. मग ती काही बोलत नाही, फोनही ठेवत नाही, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागतो: धुकं होतं, इंजिन गार होतं, आणि कोंडिबा हसला.